राज्यघटनेचे विश्वासपदक

भारताच्या राज्यघटनेच्या स्वीकृतीस २६ नोव्हेंबर २०२४ रोजी पंचाहत्तर वर्षे पूर्ण झाली. त्या निमित्ताने दिल्लीत राष्ट्रपतींच्या उपस्थितीत जो समारंभ झाला, त्यात एक स्मारक नाणे व एक टपाल तिकीट प्रसिद्ध करण्यात आले. घटना ही कागदावर लिहिली जाते. परंतु तिची आठवण धातूवर उमटवून ठेवावी ही इच्छा फार जुनी आहे. राजांच्या राज्याभिषेकाची पदके पाडण्याची प्रथा तर युरोपात कित्येक शतके चालत आलेली होती. एखाद्या राष्ट्राने आपल्या कायद्यासाठी, कोणा व्यक्तीच्या मुखवट्याशिवाय, पदक पाडावे ही गोष्ट मात्र अठराव्या शतकाच्या अखेरीची होय. अशाच एका पदकाची हकीकत या वर्षीच्या स्मरणिकेच्या वाचकांपुढे ठेवण्याचा विचार आहे. हे पदक फ्रान्समधील १७९१ च्या राज्यघटनेच्या काळातील आहे. ते पॅरिससाठी पाडले गेले, पाडणारा कारखाना इंग्लंडात होता, आणि पाडून घेणाऱ्या व्यापाऱ्यांचे नाते आपल्या पाँडिचेरीशी होते. त्याच कारखान्यातून त्याच साली मुंबईसाठीही तांब्याचे पैसे पाडले गेले, हे पुढे येईलच.

प्रथम पदकाचे वर्णन करतो. ते तांब्याचे असून त्याचा व्यास दीड इंचाहून किंचित अधिक आहे. वजन सुमारे अडीच तोळे. तळहातावर ठेवले असता भार जाणवावा असे. दर्शनी बाजूस एक स्त्री आसनस्थ आहे. ती फ्रान्स देशाची मूर्ती होय. तिच्यापाशी राज्यघटनेची पाटी आहे आणि तिच्या समोर शस्त्रधारी सैनिक हात पुढे करून शपथ घेत आहेत. वरच्या बाजूस ‘स्वतंत्र जगू किंवा मरू’ अशा अर्थाचे फ्रेंच शब्द आहेत आणि खाली १४ जुलै १७९० ही तारीख आहे. हे चित्र कोरणारा ओग्युस्तँ द्युप्रे हा मूळचा सँत-एत्येन गावचा. तेथील शस्त्रांच्या कारखान्यात नक्षीकाम करता करता तो या कलेत निपुण झाला. अमेरिकेच्या स्वातंत्र्याचे जे सुप्रसिद्ध पदक बेंजामिन फ्रँकलिन यांनी करवून घेतले, तेही याच्याच हातचे. १७९१ च्या जुलै महिन्यात द्युप्रे फ्रान्सच्या नाण्यांचा प्रमुख कोरक झाला.

पदक उलटले की चित्र संपते आणि व्यवहार सुरू होतो. मागील बाजूस केवळ अक्षरे आहेत. कडेच्या गोलाईत ‘मोनरों बंधू, व्यापारी, पॅरिस’ असे नाव व साल. मध्ये मजकूर असा की, हे पाच सोलांचे विश्वासपदक असून पन्नास लिव्र व त्यावरील असिन्यांच्या रूपाने त्याची परतफेड केली जाईल. त्याखाली ‘स्वातंत्र्याचे तिसरे वर्ष’. आपल्याकडे शिवछत्रपतींनी राज्याभिषेक शक सुरू केला, त्याचप्रमाणे फ्रेंचांनी १७८९ पासून स्वातंत्र्याची वर्षे मोजण्यास आरंभ केला होता. याच व्यापाऱ्यांनी दोन सोलांचे लहान पदकही काढले. त्यावर स्वातंत्र्यदेवता मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या पाटीवर हात टेकून बसलेली आहे. पाटीवर पाचव्या कलमाचा उल्लेख आहे आणि वर ‘कायद्याखालील स्वातंत्र्य’ हे शब्द आहेत. समाजाला अपायकारक असेल तेवढ्याच गोष्टीस कायद्याने बंदी करावी, आणि कायद्याने जे निषिद्ध नाही त्यापासून कोणी कोणास रोखू नये, असे ते पाचवे कलम सांगते. या पदकांपैकी काहींच्या कडेवर एक वाक्य कोरलेले आढळते: विश्वासाने किंमत वाढते.

हा विश्वास कशाचा, हे समजण्यासाठी तत्कालीन फ्रान्सच्या बाजारात थोडे डोकवावे लागेल. १७८९ मध्ये फ्रेंच सरकारची तिजोरी रिकामी झाली होती. त्या वर्षाच्या अखेरीस धर्मसंस्थेच्या जमिनी राष्ट्राच्या ताब्यात घेऊन त्यांच्या तारणावर कागदी रोखे काढण्यात आले. त्यांनाच असिन्या म्हणत. हे रोखे प्रथम मोठ्या रकमांचे होते. पुढे पन्नास लिव्रचे आणि १७९१ मध्ये पाच लिव्रचेही निघाले. कागद बाजारात आला तसे लोकांनी सोने, रुपे आणि पाठोपाठ तांबेही घरात दडवून ठेवले. एका लिव्रचे सोल वीस. पॅरिसमधील साध्या मजुराची दिवसाची कमाई वीस-तीस सोल, आणि चार पौंडी पावाची किंमत बऱ्या दिवसांत आठ-नऊ सोल. अशा मनुष्याच्या हाती पन्नास लिव्रचा कागद येऊन काय उपयोग? त्याला मोड हवी होती, आणि मोड कोठेच नव्हती. सरकारने देवळांतील घंटा वितळवून त्यांच्या धातूचे सोल पाडण्याचा हुकूम काढला, तरी टंचाई हटेना. तेव्हा गावोगावच्या नगरसभा, मंडळे आणि पेढ्या आपापल्या नावाने लहान रकमांचे कागद काढू लागल्या. मोनरों बंधूंनी कागदाऐवजी तांबे निवडले, आणि त्या तांब्यावर राज्यघटनेचे चित्र उमटविले.

आपल्या ज्ञातीत पेढीचा व्यवहार पाहिलेली वडीलधारी मंडळी अद्याप आहेत. त्यांना ही पदके म्हणजे एक प्रकारची दर्शनी हुंडीच वाटेल. फरक एवढाच की, ही हुंडी एकेकटी वटत नव्हती. हिशेब करून पाहा. पन्नास लिव्र म्हणजे एक हजार सोल. पाच सोलांच्या पदकांनी ती रक्कम भरावयाची तर दोनशे पदके एकदम नेऊन दिली पाहिजेत. त्यांचे वजन पाचशे तोळे, म्हणजे सव्वासहा शेर. रोज पाव विकत घेऊन खाणाऱ्या मजुराने दोनशे पदके साठवावी केव्हा आणि पेढीच्या दारी न्यावी केव्हा? ज्याच्या खिशात एक किंवा दोन पदके होती, त्याच्यापुरते त्यावरील वचन कोरीव अक्षरांत असूनही न वटणारे होते. पदक त्याच्या हाती, पण परतफेड ‘पन्नास व त्यावरील’ ऐपतवाल्यासाठी! प्रस्तुत लेखकाला या पदकाचे सारे महत्त्व या एका अटीत दिसते. कारण ज्या राज्यघटनेचे चित्र पुढील बाजूस आहे, तिच्यातही नेमकी हीच अट होती.

पदकावरील तारीख १४ जुलै १७९० ही आहे. त्या दिवशी बॅस्तिय तुरुंगाच्या पाडावास एक वर्ष झाले, म्हणून पॅरिसच्या शाँ द मार्स मैदानात फार मोठा समारंभ झाला. देशाच्या सर्व भागांतून राष्ट्रीय रक्षकदलाचे प्रतिनिधी आले होते. मैदानाची माती उपसण्याच्या कामी सर्व थरांतील स्त्रीपुरुष स्वेच्छेने राबले होते. पाऊस कोसळत असताना तालेराँ या बिशपने मध्यभागीच्या राष्ट्रवेदीवर पूजाविधी केला, सेनापती लाफायेतने शपथ उच्चारली, आणि सोळाव्या लुई राजानेही राज्यघटना सांभाळण्याची शपथ घेतली. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. ती घटना तोवर पुरी लिहून झालेलीच नव्हती! घटनासमितीचे काम आणखी वर्षभर चालावयाचे होते. न लिहिलेल्या ग्रंथावर लाखो लोकांनी हात ठेवला, आणि तो क्षण द्युप्रेने पदकावर कोरला.

पुढील वर्ष फार वाईट गेले. १७९१ च्या जून महिन्यात राजा वेष पालटून कुटुंबासह सरहद्दीकडे पळाला आणि वारेन गावी पकडला गेला. रोख्यावरील छापील मुखवट्यावरून एका टपालचौकीच्या मुख्याने त्याला ओळखले, अशी हकीकत सांगतात. खरी असो वा नसो, पैशावरील चित्रे त्या काळी लोक किती निरखून पाहत याचा ती उत्तम नमुना आहे. त्यानंतर १७ जुलै १७९१ रोजी राजाला पदच्युत करावे अशा अर्जावर सह्या करण्यासाठी लोक त्याच शाँ द मार्स मैदानात, त्याच राष्ट्रवेदीपाशी जमले असता लाफायेतच्या राष्ट्रीय रक्षकदलाने त्यांच्यावर गोळ्या झाडल्या व अनेक माणसे ठार झाली. ज्या रक्षकदलाने एका वर्षापूर्वी तेथे शपथ घेतली तेच हे दल. आपल्या पदकावर शपथेचे चित्र कायम राहिले. लोकांच्या हाती ते पडू लागले तेव्हा मैदानावरील रक्ताची आठवण ताजी होती.

राज्यघटना ३ सप्टेंबर १७९१ रोजी पुरी झाली. १३ तारखेस राजाने तिला लेखी संमती दिली आणि १४ तारखेस घटनासमितीपुढे शपथ घेतली. आता खुद्द सरकारी नाण्यांवरही बदल दिसू लागला. राजाच्या मुखवट्याभोवती ‘फ्रान्सचा राजा’ याऐवजी ‘फ्रेंच लोकांचा राजा’ असे शब्द आले, आणि उलट बाजूस एक पंखधारी देवदूत पाटीवर ‘राज्यघटना’ हा शब्द लिहीत आहे असे चित्र आले. भोवती ‘कायद्याचे राज्य’. हेही चित्र द्युप्रेचेच. रुप्याच्या सहा लिव्रच्या नाण्यावर ते पाहावयास मिळते. रुपे हाताळणारा आणि तांबे हाताळणारा, दोघांच्याही हाती घटनेचे चित्र पोचावे असा हा योग होता.

या घटनेने केलेले उपकार लहान नव्हेत. जन्मावरून मिळणारी सरदारकी, वंशपरंपरागत पदव्या, धंदेवाईक संघांची मक्तेदारी ही सर्व तिने मोडून टाकली. गुण आणि कर्तबगारी यांखेरीज अन्य भेद न पाहता सर्व नागरिकांना सरकारी अधिकारपदे खुली असतील, असे तिने लिहून ठेवले. जन्मावरून मनुष्याची जागा ठरविण्याची चाल आपल्या देशात किती खोल रुजली होती हे आपण जाणतो. म्हणून या वाक्याचे मोल आपल्याला अधिक कळावे. परंतु जन्माची अट काढली त्याच जागी तिने ऐपतीची अट बसविली. नागरिकांचे दोन वर्ग केले: क्रियाशील आणि निष्क्रिय. पंचवीस वर्षे वयाचा, निदान तीन दिवसांच्या मजुरीइतका प्रत्यक्ष कर भरणारा आणि कोणाच्या घरी चाकरीस नसलेला पुरुष तेवढा क्रियाशील. त्यांची संख्या सुमारे ४३ लक्ष भरली. तोही प्रतिनिधी थेट निवडू शकत नसे. तो निर्वाचक निवडी, आणि निर्वाचक होण्यासाठी ऐपत आणखी मोठी लागे. बाकीचे लाखो पुरुष निष्क्रिय. स्त्रियांचा तर प्रश्नच उद्भवला नाही. ऑलिंप द गूज या लेखिकेने त्याच सप्टेंबर महिन्यात स्त्रियांच्या हक्कांचा स्वतंत्र जाहीरनामा काढून हा प्रश्न विचारला. दोन वर्षांनी, ३ नोव्हेंबर १७९३ रोजी, तिचा गिलोटिनखाली शिरच्छेद झाला.

पदकाची मागील बाजू आणि घटनेतील मतदाराची व्याख्या शेजारी शेजारी ठेवून पाहा. दोन्ही ठिकाणी वचन सर्वांच्या तोंडावर आणि परतफेड विशिष्ट रकमेवर. एक गोष्ट मात्र मोनरों बंधूंच्या बाजूने सांगितली पाहिजे. त्यांनी आपली अट लपविली नाही. मोठ्या अक्षरांत पदकाच्या मध्यभागी कोरली.

आता हे बंधू कोण ते पाहू. मोनरों घराणे दक्षिण फ्रान्समधील आनोने गावाशी संबंधित होते. त्यातील भाऊ हिंदुस्थान आणि मॉरिशस यांच्याशी होणाऱ्या व्यापारात उतरले. एक भाऊ, पॉल, इंजिनियर म्हणून ला पेरूझच्या जगप्रसिद्ध समुद्रसफरीवर गेला तो परत आलाच नाही. दुसरा भाऊ पिएर याचे नाव आपल्या इतिहासाच्या वाचकांनी ऐकले नसले, तरी त्याने केलेले एक काम त्यांना ठाऊक असेल. टिपू सुलतानाने इंग्रजांविरुद्ध मदत मागण्यासाठी फ्रान्सच्या राजाकडे जे तीन वकील पाठविले, ते १७८७ मध्ये पाँडिचेरीहून ‘लोरोर’ नावाच्या ज्या जहाजाने निघाले, त्या जहाजाची व्यवस्था या पिएर मोनरोंची होती. महंमद दरवेश खान, अकबर अली खान आणि महंमद उस्मान खान हे ते वकील. जून १७८८ मध्ये ते तुलाँ बंदरात उतरले आणि १० ऑगस्ट १७८८ रोजी व्हर्सायच्या राजवाड्यात सोळाव्या लुईने त्यांना दरबारी भेट दिली. सत्कार थाटाचा झाला, मदत मिळाली नाही. मिळणार कोठून? त्या भेटीच्या दोनच दिवस आधी, ८ ऑगस्टला, पैशाच्या अडचणीमुळे देशातील तिन्ही वर्गांची सभा पुढील वर्षी बोलावण्याचे राजाला जाहीर करावे लागले होते. हीच सभा पुढे घटनासमिती बनली. टिपूच्या वकिलांनी जे भव्य राजवैभव पाहिले, त्याचा पाया त्याच आठवड्यात खचत होता.

तिसरा भाऊ लुई मोनरों हा घटनासमितीत हिंदुस्थानातील फ्रेंच वसाहतींचा प्रतिनिधी होता. पाँडिचेरी, कारिकल, माहे, यानम आणि चंद्रनगर या ठाण्यांच्या वतीने पॅरिसच्या सभागृहात त्याची जागा होती. अर्थात तो निवडला गेला तो तेथील युरोपीय रहिवाशांचा माणूस म्हणून. पाँडिचेरीच्या विणकरांना वा कोळ्यांना त्याच्याविषयी कोणी विचारले नव्हते. तरीही, हिंदी भूमीच्या नावाने एका राष्ट्राच्या घटनासमितीत कोणीतरी बसलेला असावा ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. शेवट मात्र चमत्कारिक झाला. त्या घटनेच्या अखेरच्या भागात एक कलम घातले गेले: आशिया, आफ्रिका आणि अमेरिका येथील फ्रेंच वसाहती साम्राज्याचा भाग असल्या, तरी प्रस्तुत घटनेत त्यांचा समावेश नाही. ज्या घराण्यातील एक भाऊ पाँडिचेरीच्या नावाने सभागृहात बसला, त्याच घराण्याच्या पेढीने घटनेचे पदक काढले. आणि पाँडिचेरी त्या घटनेच्या बाहेर राहिली. वेस्ट इंडीजमधील उसाच्या मळ्यांवर राबणारे गुलाम तर दूरच. ‘स्वतंत्र जगू किंवा मरू’ हे शब्द ज्यांना सर्वांत लागू पडले असते, त्यांच्यासाठी ते लिहिलेलेच नव्हते. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये सँ-दोमँग बेटावरील गुलामांनी बंड करून ते शब्द आपल्या परीने खरे केले.

मोनरोंनी ही पदके फ्रान्समध्ये पाडली नाहीत. इंग्लंडातील बर्मिंगहॅमजवळ सोहो येथे मॅथ्यू बोल्टन या कारखानदाराने १७८८ मध्ये टांकसाळ उभारली होती. वाफेच्या यंत्राचा सुधारक जेम्स वॉट हा त्याचा भागीदार. तोवर नाणी पाडणे म्हणजे माणसांनी दांडे फिरवून चालवावयाच्या दाबयंत्राचे किंवा हातोड्याचे काम होते. बोल्टनने ती दाबयंत्रे वाफेवर चालविली आणि तांब्याची चकती कड्यामध्ये धरून तिच्यावर ठसा मारण्याची युक्ती योजली. त्यामुळे प्रत्येक नाणे पूर्ण गोल, एका मापाचे आणि एका जाडीचे निघू लागले. कडेवर अक्षरे असल्यामुळे कोणी तांबे कातरले की लगेच उघडकीस येई. खोटे नाणे पाडणाऱ्यांना हे साधणे कठीण होते. कॉर्नवॉलच्या खाणींतील तांब्यात बोल्टनचे हितसंबंध गुंतलेले असल्याने त्याला गिऱ्हाईक हवेच होते. इंग्लंडच्या सरकारचे तांब्याच्या पैशांचे मोठे काम त्याला १७९७ पर्यंत मिळाले नाही. म्हणून तो परदेशी व खासगी मागण्यांवर यंत्रे चालवीत होता. अशा रीतीने फ्रेंच क्रांतीची लाखो पदके एका राजनिष्ठ इंग्रज कारखान्यात तयार होऊन खाडीपार जाऊ लागली. व्यापाराला तत्त्वज्ञान आड येत नाही.

बोल्टनच्या या गिऱ्हाइकांतच ईस्ट इंडिया कंपनी होती. १७९१ हेच साल कोरलेले तांब्याचे पैसे कंपनीने मुंबई इलाख्यासाठी सोहो टांकसाळीतून पाडून घेतले. दुपैसा, पैसा, अर्धा पैसा अशी ती नाणी होती. त्यांच्या एका बाजूस कंपनीची खूण आहे. ही मालाच्या गाठोड्यांवर मारावयाची खूण. बदामाच्या आकारात कंपनीची आद्याक्षरे आणि वर चाराच्या आकड्यासारखे चिन्ह. दुसऱ्या बाजूस तराजू असून त्याच्या पारड्यांमध्ये फारसी लिपीत ‘अदल’ हा शब्द आहे. अदल म्हणजे न्याय. त्या वर्षी पुण्यास सवाई माधवराव पेशवे गादीवर होते व कारभार नाना फडणविसांच्या हाती होता. एप्रिल महिन्यात परशुरामभाऊ पटवर्धनांनी टिपूच्या लोकांकडून धारवाडचा किल्ला घेतला होता. देशावरच्या बाजारांत अद्याप शिवराई चालत होती. कोकणपट्टीवर मुंबईत उतरलेला हा नवा गुळगुळीत पैसा हाती घेऊन आपल्या पूर्वजांनी त्याची शिवराईशी तुलना केलीच असेल. शिवराईवर राजाचे नाव असे. या पैशावर राजा नाही, देव नाही. व्यापाऱ्याच्या गाठोड्याची खूण आणि न्यायाचा तराजू. तराजू हा दुकानातही असतो आणि न्यायासनापुढेही. कंपनीच्या बाबतीत तो कोणता समजावा, याचा निर्णय पुढील पाऊणशे वर्षांनी केला.

एकाच वर्षी, एकाच टांकसाळीत, एकाच माणसाच्या यंत्रांवर पॅरिससाठी राज्यघटना आणि मुंबईसाठी अदल. प्रस्तुत लेखकाने अनेक वर्षे शाळेत इतिहास शिकविला. फ्रेंच राज्यक्रांती आणि कंपनीचा अंमल हे दोन धडे पुस्तकात एकमेकांपासून बरेच लांब असत. सोहोच्या यंत्रावर त्यांची पाने एकत्र उघडतात.

पदकांचे पुढे काय झाले तेही सांगितले पाहिजे. मागणी प्रथम जोरात होती. परंतु मोनरोंचे देणे असिन्यांत होते आणि तांबे विकत घ्यावयाचे ते इंग्लंडातून. असिन्यांचा भाव घसरू लागला तसे हे गणित फसत गेले. १७९२ मध्ये बंधूंची पेढी बुडाली. विश्वासाने किंमत वाढते हे खरे. आणि तो उडाला म्हणजे काय होते तेही त्याच पदकाने दाखविले. मराठीत आपण ‘पत’ म्हणतो. अब्रू आणि बाजारातील उधारी या दोहोंना आपल्या भाषेने एकच शब्द दिला आहे, आणि तो किती योग्य आहे! ऑगस्तँ मोनरों हा भाऊ नव्या विधिमंडळात पॅरिसचा प्रतिनिधी होता. त्याने धंदा आपल्या नावावर पुढे चालविला. हे चालू असतानाच मे महिन्यात कायदा झाला की, खासगी माणसांनी नाणी पाडू नयेत. आणि सप्टेंबरात ती चालविण्यासही मनाई झाली.

यावर व्यापाऱ्याने जी युक्ती काढली तिचे मला मोठे कौतुक वाटते. मागील बाजूचा मजकूर बदलला. ‘पाच सोलांचे विश्वासपदक, परतफेड अमुक रीतीने’ हे शब्द गेले आणि त्या जागी आले: ‘पाच सोलांस विकले जाणारे पदक, परवानाधारक मोनरों यांच्याकडे, पॅरिस’. म्हणजे कालपर्यंत जे नाणे होते ते आज निव्वळ स्मारक पदक झाले. तांबे तेच, वजन तेच, किंमतही तीच. केवळ परतफेडीचे वचन गळून पडले! गिऱ्हाइकाने हौसेने विकत घ्यावे, मग खिशात ठेवावे की बाजारात चालवावे ते त्याने पाहावे. १७९२ च्या काही पदकांवर मोळी मोडू पाहणारा बलवान हर्क्युलिस आहे आणि ‘एकत्र आलेले फ्रेंच अजिंक्य आहेत’ असे शब्द आहेत. म्हातारा आणि मोळी यांची इसापाची गोष्ट आपल्या मुलांनाही पाठ असते, त्यामुळे याचा अर्थ वेगळा सांगावयास नको.

त्या वर्षी घटनेचीही अवस्था पेढीसारखीच झाली. १० ऑगस्ट १७९२ रोजी पॅरिसच्या लोकांनी राजवाड्यावर चाल केली आणि राजाचे अधिकार काढून घेण्यात आले. टिपूच्या वकिलांना त्याने व्हर्सायला भेट दिली, त्याला त्या दिवशी बरोबर चार वर्षे झाली होती. २१ सप्टेंबरला राजेशाही रद्द झाली आणि २१ जानेवारी १७९३ रोजी सोळाव्या लुईचा वध झाला. देवदूताच्या पाटीवरील घटना वर्षभरही टिकली नाही. क्रियाशील आणि निष्क्रिय नागरिकांतील भेदही त्या ऑगस्टमध्येच मोडला गेला, आणि पुढील निवडणुकीत करभरतीची अट उरली नाही. १७९३ च्या जूनमध्ये नवी घटना झाली. तिने सर्व प्रौढ पुरुषांना मत दिले. १० ऑगस्ट १७९३ रोजी तिच्या स्वीकाराचा उत्सव बॅस्तियच्या जागी झाला. तेथे निसर्गदेवतेचा पुतळा उभारला होता आणि त्यातून वाहणारे पाणी सभेचा अध्यक्ष एरो द सेशेल याने प्रथम प्राशन केले. द्युप्रेने या प्रसंगाचेही पदक केले. ती घटना देवदाराच्या पेटीत ठेवून सभागृहात मांडण्यात आली. युद्ध संपेपर्यंत ती अमलात आणावयाची नाही असे ठरले, आणि ती कधीच अमलात आली नाही. एरो द सेशेल स्वतः १७९४ च्या एप्रिलमध्ये गिलोटिनवर गेला.

त्या १७९३ सालचा फ्रेंच सोल मात्र अवश्य पाहावा. त्याच्या एका बाजूस पाटीवर लिहिले आहे की, सर्व माणसे कायद्यापुढे समान आहेत. दुसऱ्या बाजूस तराजू आहे, आणि तराजूवर स्वातंत्र्याची टोपी. दोन वर्षांपूर्वी मुंबईच्या पैशावर आलेला तराजू आणि हा तराजू यांचा एकमेकांशी काही संबंध नाही; न्यायाची खूण सगळीकडे तीच असल्यामुळे असे घडले. पण सँ-दोमँगमधील गुलामांच्या बाबतीत या पाटीवरील वाक्य पुढे खरोखर मोजले गेले: ४ फेब्रुवारी १७९४ रोजी पॅरिसच्या सभेने वसाहतींतील गुलामगिरी रद्द केली. ती पुन्हा १८०२ मध्ये नेपोलियनने लादली आणि शेवटी १८४८ मध्ये गेली.

पाँडिचेरी १७९३ च्या ऑगस्टमध्ये इंग्रजांनी घेतली, १८१६ मध्ये ती फ्रेंचांना परत मिळाली. लुई मोनरोंच्या घटनासमितीने जिला बाहेर ठेवले त्या भूमीला घटनेत घेण्याचा प्रश्न त्यानंतर पुष्कळ वळणे घेऊन १८ ऑक्टोबर १९५४ रोजी कीळूर या खेड्यात आला. त्या दिवशी वसाहतीतील १७८ लोकप्रतिनिधींनी भारतात विलीन व्हावे की नाही यावर मत दिले. १७० जण बाजूने व ८ विरुद्ध होते. १ नोव्हेंबर १९५४ रोजी कारभार भारताकडे आला, १६ ऑगस्ट १९६२ रोजी कायदेशीर हस्तांतर पुरे झाले, आणि १९६४ मध्ये तेथील विधानसभेची पहिली निवडणूक झाली. मतदारयादीत नाव घालण्यासाठी त्या वेळी एकवीस वर्षांचे वय पुरत होते; कर किती भरता, असे कोणी विचारले नाही. विणकर, कोळी, मोलकरणी, सर्वांनी मत दिले.